मिनिटाला तीन हजार फेऱ्यांचं गाव

'बजबज' म्हटलं की मराठी कानाला पुढे 'पुरी' जोडावीशी वाटते. गाव मात्र खरंखुरं आहे. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून सुटलेली लोकल बालीगंज, माझेरहाट, ब्रेस ब्रिज, संतोषपूर, आक्रा, नुंगी अशी थांबत थांबत हुगळीच्या काठी पोहोचते आणि बजबजला प्रवाशांना उतरवून परत फिरते. बंगाली माणूस नाव उच्चारतो 'बॉजबॉज'. चिखलातून चालताना पायाखाली होणाऱ्या आवाजावरून ते पडलं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. या चिखलावर शंभराहून अधिक वर्षं मोठमोठ्या कंपन्या ठाण मांडून आहेत: तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या, शेजारी बुटांचा कारखाना आणि पुजाली भागात विजेचं केंद्र. मोठ्या कंपनीत इंजिनीअर म्हणून नोकरी करणं म्हणजे नेमकं काय, हे बघायला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

सेकंदाला पन्नास

कोलकात्याला वीज पुरवणाऱ्या सीईएससी या कंपनीचं बजबजचं औष्णिक वीज केंद्र 750 मेगावॅटचं आहे. 250 मेगावॅटचे तीन संच. पहिला 1997 साली सुरू झाला, दुसरा 1999 साली आणि तिसरा त्यानंतर दहाएक वर्षांनी. आपल्या घरातली वीज दिशा बदलत सेकंदाला 50 पूर्ण आवर्तनं घेते. ही 50 आवर्तनं जन्माला घालायची तर टर्बाइनचा दांडा सेकंदाला 50 वेळा, म्हणजे मिनिटाला 3000 वेळा फिरायला हवा. 2990 चालत नाही, 3010 चालत नाही. देशाच्या ग्रिडच्या नियमांनी सेकंदाला 49.90 ते 50.05 आवर्तनं एवढीच मोकळीक ठेवली आहे.

अडीच मीटर व्यासाचं पात्यांचं चाक डोळ्यांसमोर आणा. परीघ सुमारे 7.85 मीटर. सेकंदाला 50 फेऱ्या म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला 390 मीटरहून जास्त वेगानं धावतं, ताशी 1400 किलोमीटर! हवेत आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटरच्या आसपास असतो. कंट्रोल रूममध्ये इंजिनीअर चहाचा कप हातात घेऊन बसलेला असतो, तेव्हा पलीकडच्या दालनात लोखंडाच्या आवरणाखाली पोलादाची पाती आवाजाच्या पुढे पळत असतात.

झोप न घेणारा दांडा

संच बंद केला की दांडा थांबवून सगळे घरी गेले, असं होत नाही. टर्बाइनचा दांडा टनावारी वजनाचा आणि आतून तापलेला असतो. तो गरम असताना जागच्या जागी थांबला तर वरची बाजू गरम, खालची थंड आणि शिवाय स्वतःचं वजन, यांनी तो किंचित वाकतो. हा बाक केसाएवढा असला तरी पुन्हा 3000 फेऱ्यांना नेताना अख्खं यंत्र थरथरायला लागतं. म्हणून बंद केल्यावर 'बॅरिंग गिअर' नावाची छोटी यंत्रणा त्याला हळूहळू फिरवत ठेवते, पूर्ण थंड होईपर्यंत, तासन्‌तास. थकलेल्या बाळाला झोळीत घालून हलकेच हलवत राहावं तसं.

नव्या इंजिनीअरला वरिष्ठ पहिल्या आठवड्यातच सांगतात: यंत्र चालू ठेवणं जेवढं जोखमीचं, तेवढंच ते नीट थांबवणं.

दिसते ती वाफ नव्हे

चहाच्या किटलीतून निघणारा पांढरा ढग आपण वाफ म्हणून दाखवतो. ते खरं तर थंड होऊन बनलेले पाण्याचे थेंब असतात. बॉयलरमधली, 500 अंशांच्या वर तापलेली कोरडी वाफ डोळ्यांना अजिबात दिसत नाही. एवढ्या दाबाची वाफ बारीक भेगेतून सुटली तर ती अंग चिरू शकते. म्हणून बॉयलरजवळ गळतीचा संशय आला की जुनी माणसं पुढे झाडू किंवा काठी धरून चालत. झाडूच्या काड्या तुटायला लागल्या की वाफ सापडली! आजही बॉयलरच्या इंजिनीअरचा कान तयार असावा लागतो. भट्टीच्या आत नळीला भोक पडलं तर मापकाच्या काट्याआधी आवाज बदलतो.

आणि डोळा? भट्टीच्या भिंतीला छोटी खिडकी असते. तिथे निळ्या काचेतून आत बघायचं. उघड्या डोळ्यांना तिथे नुसता झगमगाट दिसतो. निळ्या काचेतून ज्योतीचा आकार दिसतो, ती कुठे फुटते, कुठे भिंतीला चाटते, कोणत्या कोपऱ्यात कोळसा नीट जळत नाही ते कळतं. पडद्यावर शेकडो आकडे नाचत असतात, तरी दिवसातून एकदा प्रत्यक्ष ज्योत बघून येणारा इंजिनीअर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

महिन्याला दीड पोतं

आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, त्यामुळे एक युनिट वीज करायला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. तुमच्या घरी महिन्याला 100 युनिट लागत असतील आणि ती सगळी कोळशाची असतील, तर कुठेतरी तुमच्या नावानं 65 ते 70 किलो, म्हणजे जवळजवळ दीड पोतं कोळसा जळतो.

हाच हिशेब 750 मेगावॅटला लावा. पूर्ण भारावर तासाला सुमारे 500 टन, दिवसाला 12,000 टनांच्या घरात. एका मालगाडीत सुमारे चार हजार टन मावतात. म्हणजे रोज तीन भरलेल्या मालगाड्या! या कंपनीची आसनसोलजवळ सरिसातोली इथे स्वतःची खाण आहे. कोळसा आला नाही तर, आला आणि पावसानं भिजून चिखल झाला तर, आला आणि त्यात दगडच जास्त निघाले तर: 'कोल हँडलिंग' विभागाच्या इंजिनीअरचा दिवस या तीन 'तर'मध्ये जातो. कॉलेजात उष्मागतिकी शिकलेला मुलगा नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात ओला कोळसा पट्ट्यावरून कसा सरकवायचा ते शिकतो.

राख निघाली बांगलादेशला

जळलेल्या कोळशाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची राख होते. ती टाकायची कुठे, हा देशातल्या प्रत्येक औष्णिक केंद्राचा प्रश्न. बजबजच्या राखेला नदीनं वाट दिली. इथून राख भरलेले बार्ज हुगळीतून निघतात, सुंदरबनच्या खाड्या ओलांडतात आणि बांगलादेशच्या सिमेंट कारखान्यांत पोहोचतात. सिमेंटमध्ये ही बारीक राख चांगली मिसळते. ढाक्यातल्या एखाद्या घराच्या भिंतीत आसनसोलचा कोळसा राखेच्या रूपानं बसलेला असणं सहज शक्य आहे. काही बार्ज वाटेत बुडालेही आहेत, आणि सुंदरबनसारख्या नाजूक ठिकाणी ते व्हायला नको.

दिवसाचे 96 तुकडे

आपला दिवस 24 तासांचा. वीज केंद्राच्या इंजिनीअरचा दिवस 96 तुकड्यांचा. पंधरा मिनिटांचा एक 'ब्लॉक', आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये किती वीज द्यायची याचं वेळापत्रक आधी ठरलेलं. पूर्वी संच मध्यरात्री कमी भारावर चालवत, कारण लोक झोपलेले. याला 'बॅक डाऊन' म्हणतात. आता दुपारी सूर्यप्रकाशाची वीज येऊ लागली, तसं देशभरच्या कोळशाच्या संचांना दुपारीही आवरतं घ्यावं लागतं आणि सूर्य मावळताच पुन्हा चढावं लागतं. एकाच भारावर चालण्यासाठी बांधलेलं यंत्र रोज उतरवायचं आणि चढवायचं म्हणजे जाड धातू रोज तापवायचा, रोज निववायचा. तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनीअरला हे दुपारचं काम नव्हतं. आजच्या इंजिनीअरचं कसब इथे पणाला लागतं, आणि बाहेर याची फारशी चर्चा होत नाही याचं मला वाईट वाटतं.

चंद्रपूरशी पाऊल जुळलेलं

2003 च्या मार्चमध्ये देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांची ग्रिड एका तालात जोडली गेली. 2006 साली उत्तर भाग आला. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणही त्यात मिळाली. म्हणजे 2003 पासूनच बजबजचा संच, कोराडीचा संच आणि चंद्रपूरचा संच एकाच ठेक्यावर फिरतात. आषाढी वारीच्या रिंगणात टाळ जसे एकदम पडतात, तसं. एखादा ठेका चुकवू लागला तर संरक्षक यंत्रणा त्याला त्याच क्षणी बाजूला काढते.

चंद्रपूरचं नातं आणखी जवळचं आहे. तिथल्या ताडाळीचं धारीवाल इन्फ्रास्ट्रक्चरचं 600 मेगावॅटचं केंद्र याच कोलकात्याच्या कंपनीचं. आणि मालेगावात मार्च 2020 पासून वीज वितरणाची फ्रँचायझी चालवते तीही याच कंपनीची उपकंपनी. मोठ्या कंपनीतल्या नोकरीची ही गंमत: हुगळीकाठी रुजू झालेला माणूस विदर्भाच्या 46 अंशांत काम करायला येऊ शकतो, आणि वर्ध्याचा मुलगा माछ-भाताच्या कँटीनमध्ये पोळी शोधू शकतो.

बेटावर कोण टिकलं?

31 जुलै 2012. दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड कोसळली. सुमारे 62 कोटी लोक ज्या भागात राहतात, तिथली वीज गेली. वीज जाण्याची जगाच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी घटना मानतात. गाड्या थांबल्या, खाणींत माणसं अडकली. कोलकात्यातल्या सीईएससीच्या भागात मात्र बहुतेक ठिकाणी दिवे चालू राहिले!

त्याचं कारण 'आयलंडिंग'. बाहेरची ग्रिड घसरायला लागली की ठरावीक क्षणी 'रिले' ही संरक्षक यंत्रणा बाहेरच्या जोडण्या तोडते आणि शहर आपल्या केंद्रांसह वेगळं बेट होतं. एकत्र कुटुंबातून वेगळं निघालेल्या संसारासारखं आहे हे. आता जेवढी कमाई तेवढाच खर्च. बेटावरची मागणी जास्त असेल तर काही भाग तिथल्या तिथे बंद करायचा, कमी असेल तर संच आवरायचे, आणि हे सारं सेकंदांच्या हिशेबात. अंथरूण पाहून पाय पसरायला इथे महिनाअखेरपर्यंत मुदत नसते. बजबज हे त्या बेटाचं सगळ्यात मोठं केंद्र होतं.

मुंबईतही 1981 सालापासून अशीच व्यवस्था आहे आणि तिनं कैक वेळा शहर वाचवलं. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मात्र कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या गेल्या, बेट टिकलं नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईकराला तो दिवस आठवतो. पण ज्या दिवशी बेट टिकलं, तो दिवस कुणाला आठवत नाही. कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या इंजिनीअरची अडचण नेमकी हीच आहे. त्याचं यश म्हणजे काहीच न घडणं. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात तिला रकाना नसतो, आणि घरी 'आज काय केलंस?' या प्रश्नाला 'काही नाही, सगळं ठीक होतं' एवढंच उत्तर असतं. त्या 'सगळं ठीक'मध्ये आठ तासांची एकाग्रता भरलेली असते.

कायद्याच्या मुळाशी एक स्फोट

बॉयलर चालवायला पदवी पुरत नाही. 'बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर'चा वेगळा परवाना लागतो, त्याची परीक्षा कडक असते, आणि हाताशी अनुभव नसेल तर तिला बसताही येत नाही. या कडकपणाचं मूळ कोलकात्यातच आहे. 1863 साली तिथे बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि माणसं दगावली. पुढच्याच वर्षी बंगालच्या कौन्सिलनं बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि 1923 साली सगळ्या देशासाठी एक कायदा झाला. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये किंवा वारणेच्या साखर कारखान्यात बॉयलर इन्स्पेक्टर येतो, त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो कोलकात्याचा धमाका आहे.

किल्ली खिशात

एखाद्या पंपात हात घालायचा असेल तर आधी 'परमिट' काढायचं. वीज तोडायची, झडपा बंद करायच्या, आणि त्या स्विचला कुलूप लावायचं. आता बारकाईनं बघा: त्या एका स्विचला पाच-सहा कुलपं लटकलेली दिसतात. मेकॅनिकलचं एक, इलेक्ट्रिकलचं एक, ठेकेदाराच्या फिटरचं एक. प्रत्येक कुलपावर लाल चिठ्ठी, नाव, तारीख. आणि प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर कंपनीचा सर्वांत मोठा साहेबही ते यंत्र सुरू करू शकत नाही. हजारो माणसांच्या कंपनीत, जिथे सगळ्या गोष्टींना वरून मंजुरी लागते, तिथे एका फिटरच्या खिशातली चार सेंटिमीटरची किल्ली सगळ्यांहून वरचढ असते. माझ्या मते मोठ्या कंपनीत शिकण्यासारखी सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

'ही' खोडून 'शी'

1948 साली कोलकात्यातल्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या बड्या कंपनीत एक नवी इंजिनीअर रुजू झाली. ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळच्या मद्रासेत अशा मुलीपुढे कोणता रस्ता होता, हे सांगायला नको. तिचे वडील गिंडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक होते. त्यांनी तिला तिथे प्रवेश मिळवून दिला आणि 1943 साली ती इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाली, देशातल्या पहिल्या महिला इंजिनीअरांपैकी एक. विद्यापीठाचे दाखले पुरुषांसाठी छापलेले होते. तिच्या दाखल्यावर इंग्रजीतलं 'ही' खोडून 'शी' लिहावं लागलं.

कोलकात्यात तिनं भावाच्या घरी राहून मुलीला वाढवलं आणि कंपनीत वीजवाहिन्यांचे, उपकेंद्रांचे आराखडे काढले. भाक्रा-नांगलच्या जनित्रांच्या कामातही तिचा हात होता. 1964 साली न्यूयॉर्कला भरलेल्या महिला इंजिनीअर आणि शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ती गेली. जवळजवळ तीस वर्षं एकाच कंपनीत! ती रुजू झाली त्याच 1948 सालच्या कारखाने कायद्यानं स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला ठेवायला बंदी घातली होती. अनेक राज्यांनी ती बंदी नंतर सैल केली. आज कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा त्या खोडलेल्या 'ही'ची आठवण यायला हवी.

लिफ्टमधलं ऑफिस

बजबजच्या अलीकडे नुंगी स्टेशन, आणि त्याला लागून बाटानगर. 'बाटा' हे आपल्याला इतकं घरचं वाटतं की कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावची, हे सांगावं लागतं. 1934 साली हुगळीकाठी हे बुटांचं गाव बसवायला घेतलं: कारखाना, घरं, शाळा, क्लब, सगळं कंपनीचं. झ्लिनला 1938 साली कंपनीची सोळा मजली कचेरी उभी राहिली, तेव्हा मालकाचं ऑफिस चक्क लिफ्टमध्ये बसवलं होतं. सहा मीटर लांब, तितकीच रुंद खोली, आत टेबल-खुर्ची आणि गरम-गार पाण्याचं बेसिन. साहेबाला भेटायला वर जायचं नाही. साहेबाचं ऑफिसच तुमच्या मजल्यावर येणार. पुढच्याच वर्षी नाझी आले आणि मालकाला देश सोडावा लागला.

1897

7 जानेवारी 1897 रोजी किलबर्न कंपनीला कोलकात्यात वीज पुरवायचा परवाना मिळाला. आजच्या सीईएससीचा उगम तोच. 17 एप्रिल 1899 रोजी शहरातल्या इमामबाग गल्लीत त्यांचं पहिलं केंद्र सुरू झालं. परवाना मिळाल्यावर महिना-दीड महिन्यात, फेब्रुवारीत, स्वामी विवेकानंद परदेशातून परतताना मद्रासहून आलेल्या बोटीतून उतरले ते बजबजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेनं सियालदहला गेले. 1893 च्या ज्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या परिषदेत ते बोलले, ते प्रदर्शन वेस्टिंगहाऊसनं टेस्लाच्या प्रत्यावर्ती विजेनं उजळलं होतं. पुढे 1896 साली न्यूयॉर्कला विवेकानंद आणि टेस्ला यांची भेटही झाली. शिकागोला जाताना योकोहामा ते व्हँकुव्हर विवेकानंदांचे सहप्रवासी होते जमशेटजी टाटा. त्यांच्या मनातली जलविजेची कल्पना 1915 साली खोपोलीला उतरली. एका माणसाच्या प्रवासात किती तारा येऊन जुळतात!

त्याच व्हँकुव्हरनं 1914 साली 'कोमागाता मारू' जहाजावरच्या 376 प्रवाशांपैकी बहुतेकांना उतरू दिलं नाही. ते जहाज परत आलं बजबजलाच. 29 सप्टेंबर 1914 रोजी इथे पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसच्या आसपास माणसं मेली. इथल्या स्मारकाचं उद्घाटन 1952 साली पंडित नेहरूंनी केलं. स्टेशनाचं नावही आता कोमागाता मारू बजबज आहे. रोज सकाळी पाळीला जाणारी माणसं या पाटीखालून जातात.

नदीखालची तार

कोलकात्याची मेट्रो हुगळीखालून धावली तेव्हा देशभर कौतुक झालं. त्याच्या नव्वदेक वर्षं आधी, 1931 साली, वीज कंपनीनं नदीखालून बोगदा खणून त्यातून पलीकडे तारा नेल्या होत्या. आरेखन करणारे हार्ली डॅलरिंपल-हे लंडनच्या भुयारी रेल्वेचे नामांकित इंजिनीअर. तो बोगदा अजून वापरात आहे.

साहेब की दादा?

आपल्याकडच्या वीज केंद्रात वरिष्ठाला 'साहेब'. पाटील साहेब, देशमुख साहेब. बंगालात नावापुढे 'दा' लावला की झालं, बाईंना 'दी'. दहा वर्षं ज्येष्ठ असलेला इंजिनीअर 'तपनदा' असू शकतो आणि त्याची चूकही 'तपनदा, इथे बघा ना' म्हणून दाखवता येते. मला ही पद्धत आवडते. रात्री तीन वाजता आकडा चुकीचा वाटला तर तो बोलून दाखवायला जीभ अडखळता कामा नये. तिथे 'साहेब' शब्दाचं वजन कधीकधी आड येतं.

संध्याकाळी कँटीनला मुडी आणि तेलेभाजा, म्हणजे आपले चुरमुरे आणि भजी. 15 सप्टेंबरला अभियंता दिन. तो ज्यांच्या जन्मदिनी येतो ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनीअरिंग शिकले पुण्यात, आणि त्यांचे धरणाचे स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसले खडकवासल्याला. दोन दिवसांनी, बहुधा 17 सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजा. आपण यंत्रांना झेंडूच्या माळा घालतो खंडेनवमी-दसऱ्याला. बंगालात तो मान या दिवसाचा. कारखान्यात मूर्ती बसते, पाना-हातोडीला कुंकू लागतं, आणि गच्च्यांवरून पतंग उडतात. पतंग कटला की आरोळी उठते, 'भोकाट्टाऽऽ!' आपली संक्रांत आणि दसरा तिथे एकाच दिवशी येतात. संच मात्र त्या दिवशीही चालूच असतो, कारण पुढे दुर्गापूजेची रोषणाई यायची असते.

रिलिव्हर

पाळीच्या इंजिनीअरच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे रिलिव्हर, पुढच्या पाळीला येणारा. पाळी संपली म्हणून उठून जाता येत नाही. तो आला, लॉगबुक वाचलं, 'दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग जरा गरम वाटतंय, लक्ष ठेव' हे ऐकलं, सही केली, की मगच खुर्ची सोडायची. पावसात लोकल बंद पडली आणि तो आला नाही, तर 'डबल' करायची, सलग सोळा तास. पाळीत बदल झाला की लग्न, बारसं, मुंज सगळ्यांच्या तारखा हलतात. दिवाळीच्या पहाटे आपण अभ्यंगस्नानाला गीझर लावतो, तेव्हा कोराडीत, चंद्रपुरात, बजबजमध्ये कुणीतरी रात्रभर जागून खुर्चीवर असतो.

रात्रपाळी बहुधा सकाळी सहाला सुटते. घरी पोहोचून, अंघोळ करून, खिडकीला जाड पडदा ओढून झोप लागेपर्यंत आठ-साडेआठ होतात. तुमच्या ओळखीत, नात्यात असा कुणी इंजिनीअर असेल, तर त्याला सकाळी नऊला फोन करू नका. दुपारी तीननंतर करा.